भाडेकरूंनी घडवलेलं ब्युनोस आयर्स

दक्षिण अमेरिकेच्या सहलीचा कार्यक्रम कुठल्याही कंपनीचा घ्या, अर्जेंटिनाच्या राजधानीतले दोन दिवस साधारण एकाच साच्याचे असतात. सकाळी ला बोकातली कामिनितो ही गल्ली आणि तिथल्या रंगीत पत्र्याच्या घरांपुढे फोटो. रविवार असेल तर सान तेल्मोचा जुन्या वस्तूंचा बाजार. दुपारी निखाऱ्यावर भाजलेलं मांस, रात्री जेवणासकट टँगोचा शो आणि बसने हॉटेलवर परत. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या मंडळींच्या हातातही हाच कागद असतो. कागद वाईट नाही. त्यावरचं खाणं खरंच चविष्ट आहे, नाच खरंच देखणा आहे आणि वस्त्या खरंच बघण्यासारख्या आहेत.

पण या तिन्ही गोष्टी ज्यांनी घडवल्या ते लोक भाड्याच्या एकेका खोलीत राहणारे होते. आज त्यांची नातवंडं-पतवंडं आणि त्यांच्याचसारखे नवे स्थलांतरित याच वस्त्यांतून परवडत नाही म्हणून बाहेर पडतायत, आणि शहराचं सरकार त्याच वस्त्यांची चित्रं जाहिरातींत छापतंय. सांस्कृतिक वारसा जपायचा तर आधी तिथलं राहणं परवडेल असं बघायला हवं, भिंतींचे रंग त्यानंतर, असं माझं स्पष्ट मत आहे. या वादात पाहुण्यानेही बोलावं असं मला वाटतं, कारण बरंचसं त्याच्याच नावावर चाललेलं आहे.

गोष्ट 1871 पासून सुरू करायला हवी. त्या वर्षी पिवळ्या तापाच्या साथीत काही महिन्यांत जवळपास 14 हजार माणसं दगावली. शहराची वस्ती तेव्हा दोन लाखांच्या आतली होती. दक्षिणेकडच्या सान तेल्मो आणि मोन्सेरात भागांत राहणारी श्रीमंत घराणी घरदार सोडून उत्तरेला गेली, आणि त्यांतली बरीचशी परत आलीच नाहीत. मागे राहिले ते एकामागे एक तीन चौक असलेले मोठाले वाडे. मालकांनी ते खोल्या-खोल्यांनी भाड्याने द्यायला सुरुवात केली. याला तिथे कोन्वेन्तिशो म्हणतात. आपण चाळ म्हणतो तेच: एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन, मधल्या चौकात पाण्याचा नळ, कपडे धुणं, स्वयंपाक, भांडणं आणि संध्याकाळचं गाणं-बजावणं.

या खोल्यांत आली युरोपातून जहाजांनी उतरणारी माणसं. जेनोवाचे खलाशी, नेपल्सकडचे मजूर, स्पेनच्या गालिसियातले शेतकरी, पूर्व युरोपातले ज्यू, सिरिया-लेबनॉनचे फेरीवाले. 1914च्या जनगणनेत शहरातले जवळपास निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. आणि ही वस्ती काही रिकाम्या जागेवर आली नव्हती. 1778च्या मोजणीत शहरातला साधारण तीनातला एक माणूस आफ्रिकी वंशाचा होता. सान तेल्मो आणि मोन्सेरातमध्ये त्यांचे ढोल वाजत असत. टँगोच्या पायांतला ठेका, मिलोंगा या नृत्याची लय, यांची मुळं तिथवर जातात. आपण युरोपीय आहोत अशी देशाने स्वतःची समजूत करून घेतली, तेव्हा हा हिस्सा पुस्तकांतून जवळजवळ पुसला गेला. आज सान तेल्मोच्या देफेन्सा रस्त्यावर रविवारी कान्दोम्बेचे, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या नृत्य-संगीताचे, ढोल घेऊन निघणाऱ्या टोळ्या दिसतात. पर्यटकांना त्या बाजाराचाच भाग वाटतात. खरं तर त्या रस्त्यावर सगळ्यात जुना हक्क त्या ढोलांचा आहे.

याच चाळींनी शहराला एक मोठा लढा दिला, आणि सहलीच्या कागदावर तो कधीच नसतो. 1907 मध्ये मालकांनी भाडी वाढवली तेव्हा सान तेल्मोजवळच्या एका चाळीतल्या भाडेकरूंनी भाडं देणं बंद केलं. बघता बघता हा संप शहरभर पसरला. पुरुष कामावर असत, त्यामुळे घर रिकामं करायला येणाऱ्या पोलिसांसमोर उभ्या राहिल्या त्या बाया. झाडू घेऊन बायका-मुलांचे मोर्चे निघाले, ‘अन्याय झाडून टाकू’ म्हणत. पोलिसप्रमुख रामोन फाल्कोन याने अग्निशमन दलाचे बंब आणून लोकांवर थंड पाण्याचे फवारे मारले. पोलिसांच्या गोळीने एक तरुण कामगार मेला. काही ठिकाणी भाडी उतरली, बऱ्याच ठिकाणी उतरली नाहीत, आणि अनेकांना देशाबाहेर काढलं गेलं. ज्या टँगोला आज जगाचा वारसा म्हणतात तो याच चौकांत, याच वर्षांत वाढत होता. हे सोबत सांगितल्याशिवाय टँगोची गोष्ट पुरी होत नाही.

आता खाण्याकडे येतो. कोरिएन्तेस रस्त्यावरच्या जुन्या पिझ्झेरियांत बसायला टेबलं असतात, पण खरी गर्दी दारातल्या काउंटरपाशी उभी असते. 1932 पासून चालू असलेलं गेर्रिन घ्या. गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी पुढे सरकवायची, आणि चार बोटं जाड पावावर चीज ओघळणारा तुकडा ताटलीत पडतो. त्याच्यावर हवी असेल तर फायना: हरभऱ्याच्या पिठाचा, तेल आणि मिरपूड घातलेला, भट्टीत भाजलेला पोळा. तो पिझ्झ्याच्या तुकड्यावर चक्क स्वार करून देतात आणि दोन्ही मिळून खातात. जेनोवाहून आलेल्या गरिबांचं हे पोटभरीचं खाणं. कांदा आणि चीज भरलेली फुगासेताही त्यांचीच, आणि ती इटलीत नाही तर इथे जन्मली. मांस न खाणाऱ्या आपल्या माणसांना या शहरात उपाशी राहावं लागेल अशी भीती असते. त्यांनी सरळ या काउंटरवर जावं. सुटातला वकील, नाटक सुटल्यावर आलेलं जोडपं, पाठीवर डिलिव्हरीची पिशवी असलेला व्हेनेझुएलाचा पोरगा, सगळे कोपराला कोपर लावून उभ्याने खातात. अशा जागा टिकतात त्या स्वस्ताईवर. तुकडा महाग झाला की उभं राहून खाणारा हा सगळा मिश्र जमाव आधी नाहीसा होतो.

महिन्याच्या 29 तारखेला घरोघरी न्योकी करतात, बटाटा आणि मैद्याचे छोटे गोळे. पगार संपत आलेला असतो, घरात बटाटे आणि पीठ एवढंच उरलेलं असतं, असं त्यामागचं कारण लोक सांगतात. ताटलीखाली एक नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरकतीचा जातो. मांस भाजायचं म्हणजे आसादो, आणि तो फक्त हॉटेलात होतो असं मुळीच नाही. इमारतींच्या बांधकामावर दुपारी धूर दिसला तर बहुधा गवंड्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर निखारे पसरून बरगड्या आणि चोरिसो हे सॉसेज ठेवलेले असतात. पर्यटकाला पंचतारांकित भावात विकली जाते ती हीच कामगारांची दुपार. मी ते विकू नये म्हणत नाही. मात्र किंमत भरताना मूळ कुणाचं, हे ठाऊक असावं.

आणि हे खाणं अजून घडतंय, नव्या भाडेकरूंच्या हातून. शहराच्या पश्चिम टोकाला लिनिएर्समध्ये बोलिव्हियन बाजार आहे. तिथे ढीगभर जातींचे बटाटे, वाळवलेल्या मिरच्या, जांभळ्या मक्याचं गरम आपी, रस्सा भरलेल्या सालतेन्या. आबास्तो भागात पेरूहून आलेल्यांची खानावळं आहेत: लिंबात मुरवलेल्या माशाचं सेविचे आणि कोळशावरची कोंबडी. ऑक्टोबरमध्ये नुएवा पोम्पेयाजवळच्या चारुआ या बोलिव्हियन वस्तीत कोपाकाबानाच्या माउलीचा, म्हणजे मेरीमातेचा उत्सव असतो, आणि मोरेनादा-कापोरालेस या बोलिव्हियन नाचांच्या झगमगत्या पोषाखांतले नाचणारे रस्ता अडवतात. शंभर वर्षांपूर्वी इटालियन पोरांना ‘तानो’ म्हणून हिणवलं जायचं, आज बोलिव्हियन माणसाला हिणवलं जातं. ज्या माणसाला ब्युनोस आयर्स खाण्यातून आणि नाचातून समजून घ्यायचंय, त्याने लिनिएर्स टाळून ते समजणार नाही. तिथे टँगो नाही, पण टँगो जशा परिस्थितीत जन्मला ती परिस्थिती आज तिथे आहे.

आबास्तोचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. तिथे शहराची मोठी भाजीमंडई होती. 1934ची तिची कमानदार इमारत अजून उभी आहे. टँगोचा सगळ्यात गाजलेला गायक कार्लोस गार्देल याच वस्तीतला. मंडई 1984 मध्ये शहराबाहेर हलवली गेली. भोवतालची हमाल-व्यापाऱ्यांची वस्ती ओस पडली, रिकाम्या घरांत गरीब कुटुंबं शिरली. 1998 मध्ये त्याच इमारतीत झगमगीत मॉल उघडला, आणि आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. भिंती टँगोच्या चित्रांनी सजल्या, गार्देलचा पुतळा उभा राहिला. इमारत वाचली याचा मलाही आनंद आहे. पण तिथे गार्देलसारखं एखादं विनाबापाचं, भाड्याच्या खोलीत आईबरोबर राहणारं पोर आज वाढू शकेल का, हा प्रश्न त्या पुतळ्यासमोर उभं राहून विचारावाच लागतो.

सान तेल्मोच्या बाजाराचं तसंच. 1897 मधली लोखंडी सांगाड्याची ही देखणी मंडई. आत भाजीवाले, खाटीक, जुन्या वस्तूंचे गाळे होते. अजून थोडे आहेत. पण गेल्या काही वर्षांत खास कॉफी, क्राफ्ट बिअर आणि परदेशी खाऊचे ठेले भराभर वाढले, आणि शेजारच्या बाईला कोथिंबिरीची जुडी घ्यायला दुसरीकडे जावं लागायची वेळ आली. मंडईत भाजी मिळेनाशी झाली की मंडईचं उरतं काय?

नाचाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे फरक डोळ्यांनी दिसतो. शोमध्ये स्टेज असतं, उंच लाथा असतात, हवेत उचललेली नर्तिका असते. मिलोंगा हे त्या नृत्याचं नाव तसंच लोक जमून नाचतात त्या जागेचंही; ही जागा शोच्या अगदी उलट. विशा उर्किसातला सन्डरलँड क्लब हा मुळात वस्तीचा क्रीडा क्लब आहे. शनिवारी रात्री त्याच्या बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलं लागतात. वर बास्केट टांगलेली तशीच असते, खाली फरशी. घरची माणसं, शेजारी, सत्तरी ओलांडलेली जोडपी, कुणाचं लग्नाच्या वाढदिवसाचं टेबल. गाणी लावणारा चार टँगो एकापाठोपाठ लावतो. या संचाला तांदा म्हणतात. मग मध्येच वेगळ्याच प्रकारच्या गाण्याचा तुकडा, कोर्तिना, आणि सगळे आपापल्या खुर्चीवर परत. पुढच्या तांदाला पुग्लिएसेचा वाद्यवृंद आहे की दारिएन्सोचा, हे पहिल्या दोन सुरांत ओळखून माणसं ठरवतात की आज कुणाबरोबर. विचारायला उठून कुणी जात नाही. दुरून डोळ्याला डोळा, मानेचा किंचित झोका, समोरून होकार, बस्स. नकार द्यायचा असेल तर नजर वळवायची. कुणाचा अपमान नाही, कुणावर जबरदस्ती नाही. मग सगळी वर्तुळात, घड्याळाच्या उलट दिशेने, शेजारच्या जोडप्याला धक्का न लावता चालतात. लाथ उंच मारायला तिथे जागाच नसते. एवढ्या दाटीत अनोळखी माणसाला मिठीत घेऊन बारा मिनिटं सभ्यपणे चालणं, ही या शहराने जगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मी मानतो.

ज्यांच्या नावाने तांदे लागतात त्या ओस्वाल्दो पुग्लिएसेंचा वाद्यवृंद सहकारी तत्त्वावर चालत असे. मिळकत कामाच्या हिश्शाने वाटली जाई. ते कम्युनिस्ट होते, राजकारणापायी तुरुंगात गेले, आणि ते आत असले की सहकारी त्यांच्या पियानोवर लाल फूल ठेवून वाजवत. हा नाच कायम अशा संस्थांच्या आधाराने जगला: क्लब, सहकारी मंडळं, वस्तीतले हॉल. अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या एकत्रित अर्जावर युनेस्कोने 2009 मध्ये टँगोला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. मान्यता नाचाला मिळाली. त्या क्लबांचं भाडं, वीजबिल, परवाने मात्र जिथल्या तिथे राहिले.

परवान्यांचा प्रश्न नाजूक आहे, आणि तो टाळून चालणार नाही. 30 डिसेंबर 2004 ला ओन्से भागातल्या रेपुब्लिका क्रोमान्योन या हॉलमध्ये रॉक कार्यक्रमात आग लागली आणि 194 माणसं मेली, बहुतेक तरुण. क्षमतेपेक्षा किती तरी जास्त गर्दी, बंद केलेलं संकटकालीन दार, पेट घेणारं छत. शहराचे प्रमुख आनिबाल इबार्रा यांना पुढे 2006 मध्ये महाभियोगाने पद सोडावं लागलं. त्यानंतर तपासणी कडक झाली ती व्हायलाच हवी होती. पण नियम लिहिले गेले ते हजार पोरं उड्या मारतात अशा डिस्कोसाठी, आणि तेच नियम साठ-सत्तर ज्येष्ठ माणसं हळूहळू चालतात अशा हॉलला लावले गेले. कित्येक मिलोंगा बंद पडल्या, कित्येकांना कुलूप लागून पुन्हा उघडावं लागलं. पुढे 2016 मध्ये शहराच्या विधिमंडळाने मिलोंगांना मदत करणारा कायदा केला, हे चांगलंच झालं. तरी अनुदान वर्षाकाठी येतं आणि जागेचं भाडं दर महिन्याला. मालकाने हॉल विकायचा ठरवला तर त्या कायद्याकडे उत्तर नाही. ऑगस्टमधल्या जागतिक टँगो स्पर्धेवर शहर उत्साहाने खर्च करतं. त्या स्पर्धेत उतरणारी पोरं ज्या फरशीवर शिकतात तिची काळजी तेवढ्याच उत्साहाने घेतलेली दिसत नाही.

आता ला बोका. इथे थोडं थांबतो, कारण माझा सगळा युक्तिवाद या एका वस्तीत आणि एका माणसात सापडतो.

बेनितो किंकेला मार्तिन यांना 1890 मध्ये अनाथाश्रमाच्या दारात सोडलं गेलं होतं. पुढे ला बोकातल्या एका कोळसेवाल्या जोडप्याने त्यांना दत्तक घेतलं. पोरवयापासून त्यांनी बंदरावर कोळशाच्या गोण्या वाहिल्या, आणि तेच बंदर, तेच वाकलेले हमाल, तोच धूर जन्मभर रंगवला. चित्रांना युरोप-अमेरिकेत भाव आला, आणि त्या पैशाचं काय करायचं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. नदीकाठी जमीन घेऊन ती शाळेसाठी दिली. 1936 मध्ये शाळा सुरू झाली. वर्गावर्गांत स्वतः भित्तिचित्रं काढली. त्याच इमारतीत अर्जेंटिनी चित्रकारांचं संग्रहालय केलं, आणि स्वतः वरच्या मजल्यावर राहिले. मग तान्ह्या बाळांना दूध पुरवणारं केंद्र, मुलांसाठी दातांचा दवाखाना, नाट्यगृह. हे सगळं एकाच रस्त्यालगत. आणि याच क्रमात, रेल्वेचा एक फाटा बंद पडून उकिरडा झाला होता, तो शेजाऱ्यांना बरोबर घेऊन साफ केला, बाजूच्या पत्र्याच्या भिंती रंगवल्या. 1959 मध्ये ती गल्ली खुलं संग्रहालय म्हणून जाहीर झाली. हीच कामिनितो.

म्हणजे रंग ही त्या माणसाच्या कामातली एक गोष्ट होती. शाळा, दूध, दवाखाना, नाट्यगृह आणि रंग. पुढच्या काळाने त्या यादीतला रंग तेवढा उचलला. शे-दीडशे मीटरची गल्ली चकचकीत ठेवली जाते, तिथे पोलीस असतात, टँगोच्या पोषाखातल्या जोडीबरोबर पैसे देऊन फोटो काढता येतो. दोन गल्ल्या पलीकडे लाकूड आणि पत्र्याच्या खऱ्या चाळी आहेत, जुनाट वायरिंगच्या, आणि तिथे आगी लागतात. 1884 मध्ये जेनोवाच्या लोकांनी देशातलं पहिलं स्वयंसेवी अग्निशमन दल याच वस्तीत का उभारलं, हे त्या लाकडी जिन्यांकडे पाहिल्यावर कळतं. शेजारून वाहणारी रियाचुएलो नदी चामड्याच्या कारखान्यांनी आणि सांडपाण्याने इतकी विषारी केली की काठच्या रहिवाशांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि 2008 मध्ये न्यायालयाने सरकारांना ती साफ करण्याचा आदेश दिला. काम अजून सुरूच आहे. पर्यटकाला मार्गदर्शक साधारणपणे बजावतो, या रस्त्याच्या पुढे जाऊ नका. सुरक्षेचा सल्ला म्हणून तो बरोबर असेलही. पण ज्या वस्तीच्या नावावर तिकिटं विकली जातात तिथल्या माणसांकडे जाऊ नका असं सांगावं लागणं, ही धोरणाची नामुष्की आहे.

2012 मध्ये शहराने ला बोका आणि आसपासच्या भागाला ‘कला जिल्हा’ ठरवून गॅलऱ्या, स्टुडिओ, कलासंस्थांना करसवलती दिल्या. जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत सुंदर सभागृह झालं, मी त्याचं स्वागतच करतो. पण कर माफ झाल्याने जमिनीची किंमत चढते आणि किंमत चढली की चाळीच्या मालकाला भाडेकरू नको होतात. सवलतीबरोबर भाडेकरूंना संरक्षण दिलं असतं तर हा आक्षेप घ्यायची वेळ आली नसती. ला बोकाला कला बाहेरून आणायची गरजच नव्हती. 1983 पासून कातालिनास सुर हे शेजाऱ्यांचं नाट्यमंडळ तिथे आहे. लष्करी हुकूमशाही संपत असताना सुरू झालेलं, दुकानदार, शिक्षक, आजीबाई, पोरं सगळ्यांना स्टेजवर घेणारं. फेब्रुवारीत मुर्गा, म्हणजे कार्निव्हलची नाचणारी पथकं, निघतात, साटिनचे कोट घालून, मोठ्या ढोलाला झांज बांधून, उड्या घेत. हुकूमशाहीने 1976 मध्ये कार्निव्हलची सुट्टीच रद्द केली होती. ती परत मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला, आणि तोवर हा नाच वस्त्यांनी आपल्या जिवावर टिकवला.

त्याच हुकूमशाहीने 1978च्या फुटबॉल विश्वचषकाआधी झोपडपट्ट्या उठवल्या, लाखाहून अधिक माणसांना शहराबाहेर नेऊन टाकलं. रेतिरो स्टेशनामागची विशा 31 ही झोपडपट्टी जवळजवळ रिकामी झाली, मोजकी कुटुंबं चिवटपणे राहिली. या वस्तीत काम करणारे पाद्री कार्लोस मुहिका यांची 1974 मध्ये गोळ्या घालून हत्या झाली होती. आज वस्तीला त्यांचंच नाव आहे. पाहुण्यांसमोर शहर देखणं दिसावं म्हणून गरिबांना नजरेआड करायची ही कल्पना त्या काळी बंदुकीने राबवली. आज बंदूक नाही, भाडं आहे. दोन्हींत फार मोठा फरक आहे हे मी मान्य करतो, आणि लोकशाहीत निदान त्याविरुद्ध बोलता येतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पर्यटक नसते तर सान तेल्मो केव्हाच पाडलं गेलं असतं. हे खरं आहे. वास्तुरचनाकार होसे मारिया पेन्या यांनी 1970 मध्ये तिथल्या प्लासा दोरेगो या चौकात रविवारचा बाजार सुरू केला तो लोकांना या मोडकळीला आलेल्या भागाची किंमत कळावी म्हणूनच, आणि त्यामुळे तो वाचला. टँगोचंही तसंच. साठ-सत्तरच्या दशकांत तो म्हाताऱ्यांचा नाच झाला होता. ऐंशीच्या दशकात पॅरिस आणि न्यूयॉर्कमधल्या प्रयोगांनी जगाचं लक्ष वेधलं, मग परदेशी शिकायला येऊ लागले आणि घरची तरुण पोरंही परतली. 2001च्या आर्थिक कोसळणीनंतर कित्येक मिलोंगा परदेशी पाहुण्यांच्या प्रवेशशुल्कावर तगल्या. म्हणून पर्यटन नको, असं मी म्हणत नाही. पाहुण्याच्या पैशाने वाचलेली जागा पाहुण्याच्याच पैशाने रिकामी होऊ नये, एवढं म्हणतो.

दुसरा आक्षेप असा की भाड्यावर बंधन घातलं की घरंच बाजारातून गायब होतात. अर्जेंटिनात 2020च्या भाडेकायद्याने तीन वर्षांचे करार आणि ठरावीक वाढ सक्तीची केली. भीषण महागाईत मालकांनी घरं काढून घेतली, नव्या करारांची भाडी आधीच फुगवून सांगितली. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने तो कायदा फर्मानाने रद्द केला, आणि भाड्याच्या घरांच्या जाहिराती खरोखर वाढल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जाहिरात वाढली म्हणजे ला बोकातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला खोली मिळाली असं होत नाही. नुसत्या बाजारानेही नाही आणि नुसत्या बंधनानेही नाही, तिला तिसरी वाट लागते.

ती वाट या शहराने स्वतःच शोधली होती. 2000 मध्ये ब्युनोस आयर्सच्या विधिमंडळाने 341 क्रमांकाचा कायदा केला. भाडेकरू, रिकाम्या इमारतींत राहणारी कुटुंबं, यांनी सहकारी संस्था काढायची. शहराने दीर्घ मुदतीचं, कमी व्याजाचं कर्ज द्यायचं. संस्थेने इमारत घ्यायची, दुरुस्त करायची किंवा नवी बांधायची, तीही स्वतःच्या देखरेखीखाली. बाराकास, कोन्स्तितुसिओन, सान तेल्मो, ला बोका, म्हणजे बरोबर याच दक्षिण पट्ट्यात अशा सोसायट्या उभ्या राहिल्या. 2001 नंतर जमीन स्वस्त होती तेव्हा अनेक संस्थांनी जागा घेतल्या. पुढे जमीन महागली, कर्जाची मर्यादा मागे पडली, आणि कायदा कागदावर जिवंत असूनही नवी कामं मंदावली. सोसायटी काढून घर मिळवणं मराठी माणसाला काही नवं नाही, त्यामुळे या कायद्याचं मोल आपल्याला समजावून सांगावं लागू नये.

वारशासाठी सरकार वाटेल ते करू शकतं याचा पुरावाही समोर आहे. जुन्या कॅफेंना ‘उल्लेखनीय’ ठरवणारा कायदा 1998 चा. पण त्या पाटीने फ्लोरिदा रस्त्यावरचं रिचमंड वाचलं नाही, 2011 मध्ये ते बंद होऊन तिथे खेळाच्या सामानाचं दुकान आलं. याउलट संसदेसमोरची मोलिनो ही 1916 मधली मिठाई-कॉफीची प्रसिद्ध इमारत 1997 पासून बंद पडली होती. 2014 मध्ये राष्ट्रीय संसदेने कायदा करून ती ताब्यात घेतली आणि वर्षानुवर्षं कारागीर लावून तिची रंगीत काच, तिची पवनचक्की पुन्हा उभी केली. म्हणजे नुसती पाटी पुरत नाही, मालकी लागते, हे दोन्ही उदाहरणांवरून कळतं.

शहराने मोलिनोचा हाच मार्ग वस्त्यांसाठी वापरावा अशी माझी मागणी आहे. वस्तीच्या क्लबाचा हॉल विकायला निघाला तर शहराला खरेदीचा पहिला हक्क असावा, आणि तो क्लबालाच नाममात्र भाड्याने मिळावा. आठवड्या-आठवड्याने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांची नोंदणी नियमात आहे. सान तेल्मो आणि ला बोकात त्यांच्या संख्येला मर्यादा घालावी, आणि त्यांच्यावरचा कर 341च्या कर्जनिधीत जावा. जाणाऱ्याने एक रात्र शोऐवजी वस्तीच्या मिलोंगाला द्यावी, एक दुपार लिनिएर्सला, आणि राहायला कुणाच्या रिकाम्या केलेल्या खोलीऐवजी परवानाधारक हॉटेल घ्यावं. तेवढं त्याच्या हातात आहे. बाकीचं काम विधिमंडळाचं, आणि त्याची सुरुवात कामिनितोच्या मागच्या दोन गल्ल्यांपासून करता येईल. तिथल्या चाळी अजून उभ्या आहेत, भाडेकरू संघटित आहेत, आणि कायदा पंचवीस वर्षांपासून पुस्तकात आहे. त्याच्या निधीत यंदा पैसे घातले तरी पुरे.